कडक भाषेतली चारची गाडी

ता. ३ जून

चि. भोंगीस, आजीचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

पत्र पोचलं. फोन करत नाहीस ते बरं करतेस. बत्तीस वर्षं गिरणीत मागावर काढल्यावर माझ्या कानाला फोन म्हणजे नुसती माशी. पत्राचं तसं नाही, चष्मा लावला की ऐकू येतं.

बसस्टँडवर माईकपुढे बसून गाड्या पुकारायच्या, अशीही नोकरी असते होय! लहानपणी तू रडायला लागलीस की पलीकडची तीन घरं खिडक्या लावून घ्यायची, म्हणून तर भोंगी नाव पडलं. आता त्याच भोंग्याला खुर्ची मिळाली. तीन भाषांत पुकारतेस आणि त्यात आपलीही आहे, हे मी गाठवालीला लगेच सांगून आले. गाठवाली आठवते ना? माझ्याच खात्यात तुटलेले धागे जोडायची, हसायला लागली की खुर्चीसकट हलते ती. ती म्हणाली, एकदा ऐकायलाच जाऊ. खरंच गं, आजवर मी त्या स्टँडवर पाट्या वाचत धावले. चौथीपर्यंत शिकलेली बाई, माझी पाटी वाचून होईपर्यंत गाडी निघून जाते.

डबा वेळेवर खात जा. माया आहेच, ती पत्रात मावत नाही.

तुझी आजी

ता. १९ जून

ती. आजीस, कृ. सा. न. वि. वि.

गाठवाली आजींना म्हणावं, घाई करा. आमच्या साहेबांनी शंभर प्रवाशांना एकच सूचना तिन्ही भाषांत ऐकवली आणि कुठली कानाला बरी लागते ते विचारलं. आपली तळाला गेली. कुणी लिहिलं, भांडण चाललंय असं वाटतं. कुणी लिहिलं, पत्रा ओढल्यासारखं. येत्या एक तारखेपासून आपल्या भाषेत पुकारणं बंद, राहिलेल्या दोन गोड भाषांतच सांगायचं.

मी अजून कायम झालेले नाही. वाद घातला तर होणारही नाही. आणि रागावू नकोस, पण काचेच्या खोलीत मला माझाच आवाज परत ऐकू येतो. त्या दोन भाषांत मी कुणीतरी छान बाई वाटते. आपल्या भाषेत वाटतं, मी सगळ्यांना दम देतेय. साहेबांचं अगदीच चुकलं असं मला म्हणवत नाही.

गुडघ्यांना जप. तुझ्या मायेतली जागा राखून ठेव.

तुझी भोंगी

ता. २४ जून

चि. भोंगीस आशीर्वाद, या खेपेला जरा आखडतेच. वि. वि.

पत्र वाचलं आणि चहा तसाच गार झाला. कर्कश काय असतं ते मला विचार. दोनशे माग एकदम धडधडतात ते कर्कश. त्या धडधडीवरून पलीकडच्या माणसापर्यंत पोचायचं तर भाषेला कडा लागतातच. मी कामाला लागले तेव्हा माझी वेणी कमरेखाली होती. तिसऱ्याच दिवशी तिचं टोक मशीनच्या वर छतापर्यंत फिरणाऱ्या पट्ट्यात चाललं होतं आणि मला पत्ता नाही. समोरच्या मागावरून एक लुकडा माणूस ओरडला, वेणी! एवढंच. काय तो आवाज, अगदी तुमचा तो पत्रा! मी मान मागे ओढली, शेपट्याचे चार केस गेले. तो तुझा आजोबा. गोड भाषेत सांगायला गेला असता तर आधी माफ करा, मग बाईसाहेब, तोवर मी पट्ट्याबरोबर छताला. त्या एका शब्दावर तुझी आई आहे आणि तू आहेस. साहेबांच्या शंभरात मला कुणी विचारलं?

गोड भाषेचंही ऐक. गिरणीने माणसं कमी केली तेव्हा मोठ्या साहेबांनी मला वर बोलावलं आणि तुमच्या त्या दोनांतल्या एका भाषेत असं काही बोलले, असं काही बोलले, की मी आभार मानून बाहेर आले. जिना उतरल्यावर गाठवालीने विचारलं, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की मला काढलंय. तेव्हापासून ती भाषा मला तोंडात गरम घास धरून बोलल्यासारखी वाटते. आता आमची शेजारीणही तीच बोलते. तिचं मांजर हरवलं तेव्हा ती त्याला गल्लोगल्ली हाका मारत फिरली, तर माझे डोळे भरून आले. मांजर सापडलं बरं का, माझ्याच पिठाच्या डब्यामागे. तिच्या भाषेला मी नावं ठेवते ती घरात, दार लावून. तिला बंद कर म्हणायला जात नाही.

तू वाद घालू नकोस. नोकरी तुझी आहे. माझी कुठे आहे? दहा तारखेला, गुरुवारी, आमच्या मागखात्यातल्या आम्ही नऊ जणी शहरात दवाखान्यात कान दाखवायला येतोय. परतीची गाडी चारची. बघू.

राग दोन दिवसांत उतरेल, माया उतरायची नाही.

तुझी आजी

ता. १२ जुलै

ती. आजीस, कृ. सा. न. वि. वि.

तू गाडीत बसून गेलीस, म्हणून काचेच्या आत काय झालं ते लिहिते.

चारची गाडी लागली, मी दोन्ही भाषांत पुकारली. तुम्ही नऊ जणी बाकावर. पुन्हा पुकारली. तुम्ही पिशव्या मांडीवर घेऊन बाकावरच. ड्रायव्हर खाली उतरून तुम्हाला समजावू लागला, तेव्हा गाठवाली आजींनी त्याला म्हणे सांगितलं की आमची गाडी अजून पुकारलेली नाही, तू चहा घे. त्याने हॉर्न दिला, तर तुम्ही एकमेकींकडे बघून माना डोलावल्यात. गाडीतली माणसं खिडकीतून डोकी काढून हसायला लागली. साहेब माझ्या खोलीत आले. म्हणाले, त्याच दोन भाषांत आणखी एकदा सांग, जरा मायेने.

मी तुझ्याकडे पाहिलं. तू वर कर्ण्याकडे बघत होतीस आणि तुझा हात त्या पांढऱ्या, बोटभर वेणीवर होता.

मी बटण दाबलं. गाडीचा नंबर, गावाचं नाव, फलाट चार, सगळं आपल्या भाषेत. शिवाय कुणी न सांगता म्हणाले, बायांनो, सावकाश चढा, पायरी उंच आहे. माझं बोलणं संपायच्या आत तू उभी राहिली होतीस.

लगेच मेमो हातात पडला. बंद केलेल्या भाषेत का पुकारलं, तीन दिवसांत लेखी कळवा. मी आजच कळवलं. आपल्या भाषेत. साहेबांना ती वाचता येत नाही, कुणाकडून तरी मोठ्याने वाचून घ्यावं लागेल. आणि कालपासून सगळ्या गाड्या तिन्ही भाषांत पुकारतेय.

कायम होते की घरी येते, माहीत नाही. घरी आले तर कोपऱ्यात जागा दे.

तुझी भोंगी

ता. १७ जुलै

चि. भोंगीस आशीर्वाद, हवे तेवढे उचलून घे. वि. वि.

डॉक्टर म्हणाले, कान आता असेच राहणार. मी म्हटलं राहू देत. तुझा आवाज कसा वाटला ते तू विचारलं नाहीस, तरी सांगते. कर्कश गं. अगदी पत्रा. आजोबांचाच आहे, त्याला तू तरी काय करणार! पण आधीच्या दोन्ही वेळी वर नुसती गुणगुण झाली, आणि या वेळी शब्द न् शब्द आला, पायरीसुद्धा. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्या स्टँडवर पाटी न वाचता गाडीत चढले. गाठवाली घर येईपर्यंत ते पायरीचं सगळ्यांना ऐकवत होती.

घरी यायचं असेल तर ये, जागा कोपऱ्यात नाही, मधोमध आहे. पण आपण होऊन उठू नकोस. साहेबांनी वर बोलावलं आणि फारच गोड बोलायला लागले, तर आभार मानू नकोस. काय म्हणताय ते आपल्या भाषेत सांगा म्हणावं, आणि कळल्याशिवाय जिना उतरू नकोस.

पुढच्या गुरुवारी सूतखात्यातल्या सतरा जणी आमच्याबरोबर येतायत. कान सगळ्यांचे असेच. चारची गाडी. तू पुकारशील तेव्हा चढू, तोवर बाक आहे.

माया कमी पडली तर कळव, इथे साठा आहे.

तुझी आजी