एकटा शेट्टी

आई,

तुझी राजा-राणीची जोडी मी काल देऊन टाकली, आणि तुला न विचारता दिली म्हणून हे लिहावं लागतं आहे. जिला दिली तिचं लग्न झालेलं नाही. हे आधीच सांगितलेलं बरं.

दसऱ्याचे नऊ दिवस बाहुल्या मांडायची रीत आपल्या लोकांनी इथेच, कानडी मुलुखात, उचलली असणार. तू मात्र ती अशी पाळायचीस, जणू पूर्वजांनी घोड्यावर लादून आणली होती. हलसूरच्या त्या वठारात एकाच अंगणाभोवती किती भाषा नांदत होत्या. मांडणीच्या सगळ्यात वरच्या पायरीवर तुझी रक्तचंदनाची जोडी, तुझ्या आईने लग्नात तुझ्या हातात दिलेली. तिच्याखाली सगळं वठार. शेजारच्या तमिळ मामी जोडीचे कपडे शिवायच्या, कोपऱ्यातल्या मुसलमान खाला काचेची मासोळी द्यायच्या, आणि इंजिन ड्रायव्हरची अँग्लो-इंडियन बायको आपला चिनी मातीचा कुत्रा स्वतः आणून ठेवायची. कुत्रा राजापेक्षा मोठा. समोरच्या तेलुगू बाईंनी एकदा विचारलं, "अक्का, हा राजाला खाणार नाही ना?" तू करंडा पुसत म्हणालीस, "राजा आहे. पाळेल." विजयादशमीला मांडणी उठवताना तू जोडीला आडवं निजवायचीस, आणि मग ज्याची वस्तू त्याच्या घरी जायची.

मी बी.एस्सी. झाले, शाळेत नोकरी लागली, मल्लेश्वरमला खोली घेतली, आणि निघताना जोडी मागितली. तू विळीवर काकडी चोचवते आहेस. हात न थांबवता म्हणतेस, "जोडी सासरी जाते, नोकरीला जात नाही." मी "सरी, बरं" म्हटलं आणि ट्रंक उचलली. आता वाटतं, जोडी पेटीत होती तोवर तुझ्या लेखी माझं लग्न व्हायचं होतं. ती मला दिली असतीस, तर ते होणार नाही असं तूच म्हटल्यासारखं झालं असतं.

पुढच्या दसऱ्याला तू दोन बस बदलून माझ्या खोलीवर आलीस. पिशवीत मातीचा शेट्टी होता, तो ढेरपोट्या वाणी. आपल्याकडे तो नेहमी बायकोशेजारी बसायचा. मी विचारलं, याच्या बायकोला कुठे ठेवलंस?

"ती घरी आहे. हा एकटा दुकान सांभाळतो. तुला चालेल."

हसली नाहीस. खिडकीच्या फळीवर त्याला बसवलंस, पुढ्यात माझ्याच डब्यातल्या तुरीच्या डाळीचा ढीग घातलास, कॉफी घेतलीस आणि गेलीस.

पुढे तू वारल्यावर जोडी माझ्याकडे आली, पण कुणी हातात दिली नव्हती. म्हणून ती मी कधी मांडली नाही. शेट्टी दरवर्षी मांडला.

मागच्या आठवड्यात मामींची नात आली. तिने एचएसआर लेआउटला स्वतःचा फ्लॅट घेतला आहे, एकटीच राहते. आजीने शिवलेले बाहुल्यांचे कपडे तिला पाहायचे होते, म्हणून पेटी उघडली. राणीच्या परकराची शिवण ती बराच वेळ बोटाने चाचपत बसली. मग म्हणाली, "अक्का, माझं लग्न होईल तेव्हा होईल. या दोघांनी तोवर पेटीत का बसायचं?"

एरवी असल्या बोलण्यावर मी दटावते. त्या दिवशी पेटी बंद केली आणि तिला कॉफी दिली. पुढचे दिवस तुझ्याशी मनात भांडले. तू नाहीच म्हणत राहिलीस. मी तुझं सगळं ऐकून घेतलं, आणि काल तिला बोलावून घेतलं.

हे पत्र त्या पेटीत ठेवते. ती आता रिकामी आहे.

दिलं ते असं: रक्तचंदनाची जोडी, राजाचा शेला, राणीचे मामींनी शिवलेले परकर, खालचा लहान चौरंग. तिला कुंकू लावून, दोन्ही हातांनी दिलं. जाताना तिने फळीवरच्या शेट्टीकडेही पाहिलं.

तो दिला नाही.