पायरीवरचा जावई

उचगाव, १२ ऑगस्ट २०२४

चि. क्रांतीस,
प्रभूमध्ये आशीर्वाद. भावाचा फोन उचलायचा न्हाय असं ठरवलंयस, म्हणून कागद. आजऱ्याची शाळा मानवली का?

तुझा मोठ्यांचा बायबलवर्ग मंडळीच्या पंचांनी बंद केला, त्यात माझाही हात वर होता. लपवत न्हाय. बाप्तिस्मा न घेतलेल्यालाही देव पदरात घेतो, असं तू भर वर्गात शिकवलंस. मग उद्या बाप्तिस्मा घेईल कोण? राजवीर सोन्यासारखा माणूस होता, पण तुझा नवरा बाप्तिस्म्याविना गेला म्हणून शास्त्र वाकवता येत न्हाय. चूक झाली, एवढं रविवारी देवळात, उपासनेच्या वेळी उभं राहून म्हण. वर्ग परत सुरू करायचं माझ्याकडं लागलं.

आईचे गुडघे तसेच, जीभही तशीच तिखट. तुझी वाट बघते.

राग आवर, माया ठेव.
आकाराम

आजरा, १९ ऑगस्ट २०२४

ती. दादास,
सलाम वि. वि. शाळा बरी आहे. आजऱ्याचा तांदूळ एवढा नामी, तरी माझ्या भाताचा गिचका होतो; आईला सांग, हसेल.

मी उभी राहणार नाही. दादा, दर रविवारी आईला उचलून देवळाच्या पायऱ्या कोण चढत होतं? तिला तुझ्या बाकावर बसवून राजवीर बाहेर पायरीवर बसायचा. बाप्तिस्मा घे म्हटलं, की म्हणायचा, माझ्या आईचं देवघर हाय, तिचं मन मोडवत न्हाय. अशा माणसाला देवानंही बाहेरच बसवलं असेल, हे मला पटत नाही. वर्गात म्हाताऱ्या बायका पहिल्यांदाच प्रश्न विचारायला लागल्या होत्या, तेच तुम्हा पंचांना झोंबलं.

पाया पडते, आईशी यातलं काही बोलू नकोस. तो वर तिची वाट बघतोय असं तिला वाटतं. वाटू दे.

रागावलास तरी तुझीच,
क्रांती

उचगाव, २ सप्टेंबर २०२४

चि. क्रांतीस,
आशीर्वाद. तुझं पत्र यायच्या आधीच आईनं विचारलं, राजवीर भेटंल न्हवं वर? मी मंडळीचा पंच, खोटं कसं बोलू? शास्त्रात हाय ते सांगितलं. बाप्तिस्म्याशिवाय वर जागा न्हाय.

काल प्रभुभोजनाची भाकर पुढं आली, तेव्हा तिनं हात मागं घेतला. पाळकसाहेबांना म्हणाली, माझं नाव मंडळीतनं काढा. जावई जिथं ठेवलाय तिथंच मला धाडा, तिथं मला उचलणारा तरी हाय. सगळं देऊळ ऐकत होतं. घरी आल्यापासून जेवत न्हाय, अंगात ताप हाय.

तू ये. वर्गात सांगितलंस तेच तिला सांग. मी मध्ये बोलणार न्हाय.

वाट बघतो.
आकाराम

उचगाव, २३ सप्टेंबर २०२४

चि. क्रांतीस,
आशीर्वाद. तू पोचायच्या आत आईनं डोळे मिटले, आणि मातीनंतर तू माझ्याशी न बोलताच गेलीस. तुझं बरोबर हाय.

कबरीवर पाळकसाहेब म्हणाले, बायडाबाई प्रभूजवळ गेल्या. सगळे आमेन म्हणाले, माझ्या तोंडातनं निघालं न्हाय. तिनं पुन्हा भाकर घेतली न्हाय, द्राक्षारस घेतला न्हाय. पाळकसाहेब दोनदा घरी आले, तिनं भिंतीकडं तोंड केलं. मंडळीबाहेरच्याला वर जागा न्हाय, असं पंचांच्या बैठकीत मी जे बोललो ते खरं धरलं, तर आई कुठं असंल? हा विचार मला सोसत न्हाय गं.

काल देवळात गेलो, पण आत जाववेना. राजवीर बसायचा त्या पायरीवर बसून राहिलो. आतली गाणी तिथनं नीट ऐकू येतात.

तू वर्गात काय शिकवलंस ते मला सगळं लिहून पाठव. आईचा पोरगा विचारतोय.

लोभ उरला असंल तर लवकर लिही.
दादा