दोन फेऱ्या कमी होत्या

तळेगाव,
गुरुवार, २ एप्रिल

ती. राजूताई,

नमस्कार. दाजींनाही सांग. इकडे सारिका ठीक आहे, मीही ठीक आहे. तू सगळ्यांना सांगितलंयस तितका आजारी नक्कीच नाही.

तू माझा फोन उचलत नाहीस. सारिकाच्या फोनवरून लावला तर माझा आवाज ऐकून ठेवून दिलास. म्हणून शेवटी वहीची पानं फाडून बसलोय. दहावीच्या पेपरात लिहिलं होतं, त्यानंतर पत्र हे पहिलंच. कामशेतला जाऊन फकरुद्दीनभाईंच्या जीपमध्ये देतो, ते पवनानगरला तुझ्या हातात देतील. निदान त्यांच्या हातचं परत पाठवू नकोस.

आधी मुद्द्याचं. रविवारी स्नेहलच्या सासरची माणसं मला बघायला येणार, हा तुझा निरोप मिळाला. ‘पायाला पट्टी बांधून बसायला सांग त्याला, आन् तोंड बंद ठेवायला सांग,’ हेही सारिकानं शब्दाला शब्द सांगितलं. ताई, हे काय चालवलंयस तू?

मांडवात काय झालं ते मला तिच्याकडूनच कळलं. मुहूर्त सहा पस्तीसचा. मामांनी मुलीला घेऊन यावं म्हणून माईकवर माझं नाव तीनदा पुकारलं. सात वाजत आले तेव्हा नवऱ्या मुलाचे, संदेशचे वडील सोपानराव तुझ्याजवळ आले आणि काही अडचण आहे का म्हणून विचारलं. तू सांगितलंस की गोरख दिल्लीच्या विमानतळावर जिन्यावरून पडला, पाय दुखावला, डॉक्टर सोडेनात. सारिकानं शेजारी उभं राहून मान डोलावली. मग सकाळपासून वऱ्हाडाची ने-आण करणारे फकरुद्दीनभाई हात धुऊन, डोक्याला रुमाल बांधून आले आणि स्नेहलच्या मागे मामा म्हणून उभे राहिले. बरोबर ना? तिला सहा वर्षं कॉलेजला नेलं-आणलं त्यांनीच, त्यांचा हक्क मी नाकारत नाही. पण माझा पाय मोडायची काय गरज होती? विमानाला उशीर झाला एवढं सांगितलं असतंस तर पुरे होतं, आणि ते खरंही होतं.

आता तुला एक सांगायचंय. आंबीच्या आमच्या कंपनीतून मी वर्षभर पॅकिंगची मशिनं बसवत देशभर फिरतो, म्हणून ‘दिल्लीला मशीन बंद पडलंय, सकाळी जाऊन दुपारी येतो’ हे तुला पटलं. दिल्लीत कुठलंही मशीन बंद पडलं नव्हतं. तिकीट माझं मी काढलं होतं. नेहमी फिरणाऱ्यांना विमान कंपनी दर्जा देते, चांदी, सोनं आणि त्याच्या वर प्लॅटिनम. एका वर्षात ठरावीक फेऱ्या झाल्या तर मिळतो, आणि ते वर्ष एकतीस मार्चला संपतं. माझ्या दोन फेऱ्या कमी होत्या. एक जायची, एक यायची. शनिवारी हळद, सोमवार-मंगळवारी कंपनीत मार्चअखेर, उरला रविवार. पहाटे सहाचं विमान, सव्वाएकला परत पुण्यात, चारला मांडवात. हिशोब चोख होता.

चिडू नकोस, वाच पुढे. तुला वाटेल, बोटभर कार्डासाठी भाचीचं लग्न. पण तू मला कामशेतच्या जीपला मागे लोंबकळत जाताना बघितलंयस. आयटीआयची दोन वर्षं मी आत बसलो नाही, कारण बसलेल्याला उठवून कुणीतरी मोठा माणूस बसायचा आणि मला म्हणायचे, तू काय, पोरगाच आहेस, हो मागं. तिथं विमानतळावर कोट घातलेली माणसं रांगेत उभी असतात आणि माझं नाव घेऊन मला आधी सोडतात. मावळातल्या शेतकऱ्याच्या पोराला ‘या सर’ म्हणतात. मला ते आवडतं, ताई. लाज वाटते लिहायला, पण आवडतं. सारिका म्हणते, त्यांना सांगून ठेवलेलं असतं म्हणून म्हणतात. असू दे. म्हणतात तर खरं.

तर परतीचं विमान बिघडलं. दिल्लीत काउंटरवर बरीच बोलाचाली झाली, ती राहू दे. शेवटी आठ वाजता सुटलं. माझ्या हातात काही नव्हतं.

रविवारी मी पट्टी बांधणार नाही. तू सोपानरावांना काहीतरी सांग आणि त्यांचं येणं थांबव. मला हे नाटक जमायचं नाही.

तुझा,
गोरख


रविवार, ५ एप्रिल, संध्याकाळ

ताई,

पट्टी बांधली.

सकाळपर्यंत मी हटून बसलो होतो. सारिका म्हणाली, ‘खरं बोलायची हौस तुम्हाला आजच आली का? ताईंनी तोंड खोटं केलं ते कुणासाठी? पोरीला तिथं जन्म काढायचाय.’ मग औषधाच्या दुकानातून पट्टी आणून तिनंच बांधली. उजवा की डावा ते तू कुणाला सांगितलं होतंस का, यावर आमचं पाच मिनिटं भांडण झालं. शेवटी उजवा धरला.

अकराला आले. सोपानराव, संदेश, स्नेहल आणि संदेशची आजी कस्तुराबाई. त्या म्हाताऱ्या बाई बेडश्याहून एवढ्या उन्हात दोन मजले चढून येतील असं मला वाटलंच नव्हतं. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. मी उठायला लागलो तर सोपानराव धावलेच. ‘आवं पाव्हणं, उठू नगा. पाय हलवू नगा आजाबात.’ पपई, केळी, शहाळी, घरचे इंद्रायणी तांदूळ, एवढं घेऊन आले होते. माणसं कशी आहेत ते तू बघितलंयस. एकानंही खोदून विचारलं नाही. सोपानराव उलट माझीच समजूत घालत होते. ‘तुमच्या जिवाला लय लागलं आसंल. सख्ख्या भाचीचं लगीन आन् आपून तितं दवाखान्यात पडून. मी रातच्याला म्हातारीला म्हनलं, त्या मानसाला झोप न्हाई लागायची.’ मी मान खाली घालून होतो. त्यांना वाटलं मला रडू येतंय, आणि येतच होतं.

मग आजींनी पिशवीतून करंजाच्या तेलाची बाटली काढली. कुणी काही म्हणायच्या आत खाली फरशीवर बसल्या आणि माझा पाय मांडीवर घेतला. ‘मी चोळती. मालकांचा पाय म्याच बरा केलता.’ पट्टीचं टोक सोडून त्यांनी घोटा चाचपला. एकदा, दोनदा. ‘सूज न्हाई वं कुटं,’ म्हणाल्या आणि वर माझ्याकडे बघितलं. सोपानरावही बघायला लागले. ताई, त्या क्षणी सगळं बाहेर पडणार होतं, तुझं आणि माझं. सारिका पाणी आणायला गेलेली.

स्नेहल उठली. ‘आजी, डॉक्टरांनी चोळायचं नाही सांगितलंय. आईनं मला फोनवर सांगितलं होतं, मीच विसरले.’ आजींच्या मांडीवरून माझा पाय तिनं काढून घेतला आणि पट्टी पुन्हा बांधायला लागली. घट्ट बांधली. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. लग्न होऊन सात दिवस झालेली पोर, सासऱ्यांच्या देखत, माझ्यासाठी खोटं बोलली.

मला आधी वाटलं, तू तिला सगळं सांगून ठेवलं असशील. नाही ना सांगितलं? मला कळलं की नाही सांगितलं. पाय हातात घेतल्यावर तिला समजलं.

चहाच्या वेळी ती स्वयंपाकघरात गेली, तेव्हा मी लंगडत मागे गेलो. सारिका बाहेर त्यांच्याशी बोलत बसली होती. मी म्हटलं, स्नेहल, पाय ठीक आहे. ती म्हणाली, ‘दिसलं.’ मग तिला मी सगळं सांगितलं, आणि तुझ्यापासून लपवून ठेवलं होतं तेही. ते आता तुलाही सांगतो, कारण गुरुवारच्या पत्रात मी परत खोटं लिहिलं.

माझ्या हातात काही नव्हतं असं लिहिलं होतं. होतं, ताई. विमान बिघडलं तेव्हा काउंटरवरच्या मुलीनं माझं कार्ड बघून सांगितलं की तुमच्यासारख्यांची आम्ही दुसऱ्या कंपनीच्या विमानात सोय करतो, दीडचं आहे, पावणेचारला पुण्यात पोचाल. मी पहिलं विचारलं ते हे की ही फेरी माझ्या खात्यात धरली जाईल का. ती म्हणाली, ते विमान आमचं नाही, धरता येणार नाही. मी तिला म्हणालो, भाचीचं लग्न आहे. ती म्हणाली, मग सर, तुम्ही जा ना. एवढी साधी गोष्ट त्या परक्या पोरीला कळली. मी पाच मिनिटं तिथं उभा राहिलो. आमचं विमान तीनला सुटेल असं पाटीवर लिहिलं होतं. तीनला सुटलं तर सव्वापाचला पुणे, पळत सुटलो तर मुहूर्त गाठता येईल, असं मनाशी धरलं आणि तिला नको म्हणालो. माझी जागा तिनं दुसऱ्या कुणाला दिली. तीनचे चार झाले, चारचे पाच, मग आठ. इकडे माईकवर माझं नाव पुकारत होते तेव्हा मी तिथल्या खास माणसांच्या खोलीत बसून फुकटचा ढोकळा खात होतो. दाजींचा फोन वाजला तो मी कापला. काय सांगणार होतो?

मला वेळेत येता येत होतं आणि मी आलो नाही. एवढंच आहे ते. उशीर विमानाला झाला नाही, मी केला.

स्नेहलनं सगळं ऐकून घेतलं. रागावली नाही, रडलीही नाही. कपात चहा गाळता गाळता विचारलं, ‘मग मिळालं का ते, प्लॅटिनम?’

मी म्हटलं, मिळालं.

‘बरं झालं,’ म्हणाली आणि ट्रे उचलून बाहेर गेली.

ताई, ती चिडली असती तर मी पाया पडलो असतो. तिनं तुझ्यासारखं बोलणं सोडलं असतं तरी मी पत्रं लिहीत बसलो असतो. ‘बरं झालं’ याला काय करू? दुपारपासून तेच कानात आहे. सारिका जेवायला हाक मारतेय आणि मला उठवत नाही.

जाताना सोपानराव म्हणाले, ‘पाय बरा झाला की आखितीला पोरीला माहेरी न्यायला तुमीच मुराळी म्हणून या. त्या निमित्तानं मामाचा मान हुईल.’ स्नेहल चपला घालत होती. तिनं ऐकलं, पण मान वर केली नाही.

मुराळी कोण पाठवायचा ते मुलीची आई म्हणून तू ठरवणार. मला पाठव असं म्हणायचं तोंड मला राहिलेलं नाही, आणि तू माझी बाजू घेऊन तिच्याशी बोलावंस असंही मला वाटत नाही. तू माझ्यासाठी आधीच फार बोललीस. फक्त तिला एकटीला फोन कर आणि विचार, न्यायला कोण आलेलं चालेल. तिनं फकरुद्दीनभाईंचं नाव घेतलं तर त्यांनाच पाठव, मला कळवायचीही गरज नाही, मी समजेन. माझं घेतलं, तर मात्र तू स्वतः फोन कर. सारिकाकडे निरोप देऊ नकोस.

मी फोन जवळ घेऊन बसलोय.

तुझा चुकलेला भाऊ,
गोरख