डाळिंबांची भिंत आणि ऑब्रीची घाई

मी, लेटिशिया क्वेल, वय एकाहत्तर, अविवाहित, राहणार हॉथर्न लॉज, क्लिफ्टन, ब्रिस्टल, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे हृदय फार दिवस साथ देणार नाही असे डॉक्टर म्हणतात. डोके शाबूत आहे, हे माझ्या भाच्यालाही मान्य आहे. नाहीतर त्याने मला आज लिहायला बसवले नसते. यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत.

१. हॉथर्न लॉज हे घर, भिंतींवरील चित्रांसह, दिवंगत भावाचा मुलगा ऑब्री याला देते. हे कलम त्याने माझ्या खांद्यावरून वाचले आणि तो निवांत खिडकीशी जाऊन उभा राहिला. जेवणघराच्या भिंतीवर माझ्या वडिलांनी आईला डाळिंबे तोडताना रंगवले आहे. क्षयाने खंगलेली आई तो सगळा हिवाळा शाल उतरवून उभी राहायची, आणि मागची पाने आम्ही मुले रंगवायचो. ऑब्रीने आणलेला व्यापारी आत्ता खाली तीच भिंत ठोकून पाहत आहे. तिचे तुकडे कापून अमेरिकेला पाठवायचा बेत आहे. ठोक्यागणिक माझ्या छातीत कळ येते.

२. माझे कुंचले, रंग आणि वडिलांची उंच शिडी बहीण ॲग्नेसची मुलगी थिओडोरा हिला. भिंतीला ओल आली तेव्हा थिओडोरा रोज शेगडी पेटवून तिच्यापाशी बसून राहिली. ऑब्री म्हणाला होता, "पडली तर पडली, आत्या. तेवढाच पसारा कमी." ते मी विसरलेले नाही.

३. ऑब्रीची बायको मुरिएल हिला काही नाही. ती ओली छत्री माझ्या आईच्या चित्राला टेकवून ठेवते, आणि सांगितले तर हसते.

४. वरीलपैकी कोणतीही देणगी कोणत्याही कारणाने निष्फळ ठरली, तर ती, आणि माझी उरलेली सर्व मिळकत, थिओडोराला मिळावी. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी.

साक्षीसाठी मी स्वयंपाकीण आणि माळी यांना बोलावले होते. ऑब्रीने दोघांना दारातूनच परत पाठवले.

"नोकरांच्या तोंडी घरचं कशाला? मी आणि मुरिएल करतो ना सही. आटप आता, आत्या, पाहुणा ताटकळलाय."

"बरं बाबा," मी म्हटले, "तुझ्या मनासारखं होऊ दे."

तो मुरिएलला आणायला खाली गेला आहे, तेवढ्यात हे लिहिते. साक्षीदाराने मला सही करताना पाहायचे असते, मजकूर वाचायची गरज नसते. म्हणून वरचा भाग टीपकागदाने झाकून ठेवीन. साक्षीदाराला किंवा त्याच्या जोडीदाराला त्या मृत्युपत्रातून छदामही मिळत नाही, असा या देशाचा कायदा आहे. ऑब्रीने विचारले नाही. जिन्यावर दोघांची पावले वाजत आहेत.

लेटिशिया क्वेल

वरील सही आम्हा दोघांच्या डोळ्यांदेखत झाली, आणि लगेच तिच्यासमोर आम्ही आपल्या सह्या केल्या.

साक्षीदार:
ऑब्री क्वेल
मुरिएल क्वेल

हॉथर्न लॉज, क्लिफ्टन, ब्रिस्टल
१४ नोव्हेंबर १९३६