माझे नाव गावाला

लिहून ठेवते मी, सौ. गोदूबाई काशिराम मढवी, धंदा मिठागरात मजुरी, राहणार मौजे मीठपाडा, तालुका पनवेल, जिल्हा कुलाबा, की माझी अक्कल ठिकाणावर आहे, मला कोणी धाक घातलेला नाही, आणि मी बोलले तेच पनवेलचे अर्ज लिहिणारे दिनानाथभाऊ यांनी कागदावर उतरवले आहे. ‘सौ.’पाशी त्यांचा टाक थांबला होता. “बाई, नवरा जाऊन इतकी वर्षं झाली म्हणता, मग श्रीमती लिहू का?” मी म्हटले, “त्याचा मढा तुमी बगलाव? नाय ना? मंग सौ. लिवा.”

स्वप्नांविषयीही आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून माझे दीर ‘म्हातारी भ्रमिष्ट होती’ म्हणून कोर्टात जायला नकोत. दुपारी मिठागराच्या बांधावर बसले की माझा डोळा लागतो. पाण्यावर मीठ धरू लागते, दुधावर साय धरावी तसे, आणि त्या पांढऱ्यावरून काशिराम चालत येतो. पाऊल उमटत नाही. “गोदू, मीठ धरला का गो?” एवढेच विचारतो. मी होय म्हणते. मग खाडीचा वारा येतो आणि मी जागी होते, निदान झाले असे मला वाटते. एवढ्याने माणूस वेडे ठरत असेल तर दिनानाथभाऊंनी कागद इथेच फाडावा, असे मी सांगितले. त्यांनी फाडला नाही.

काशिराम मिठाचा मचवा घेऊन मुंबईला निघाला होता. वादळात मचवा उलटला. बाकीच्यांची प्रेते लागली, त्याचे लागले नाही. मागच्या मचव्यावर तुळशीराम भोईर होते. ते आजही सांगतात, “उडी मारताना मी त्याला बगला, बुडताना नाय बगला.” तेवढ्या आधारावर मी बांगड्या फोडल्या नाहीत, कुंकू पुसले नाही. दीर महादेव मढवी म्हणाले, घराची अब्रू गेली. त्या वर्षी शिमग्याला होळी पेटली तेव्हा ढोल त्यांच्याच गळ्यात होता, आणि पहिली आरोळी त्यांनी दिली: “कुकू लावते गोदी, घोव तिचा खाडीमंदी!” सारा गाव तोंडावर हात मारून बोंबलला.

होळीतली बोंब मनावर घ्यायची नसते, धुळवडीच्या राखेबरोबर ती उडून जाते, असा रिवाज आहे. माझी उडाली नाही. ती विहिरीवर आली, पनवेलच्या बाजारात आली, हळदीच्या मांडवात आली. कुंकू कोणाच्या नावाचे, म्हणून एकेका पुरुषाचे नाव मला जोडून झाले. माझी आई माझ्या दारी यायची बंद झाली आणि तशीच मरून गेली. याचे दुःख मला आहे, आणि राग त्याहून जास्त आहे. आता जे ओरडतात त्यांतल्या निम्म्यांना कारणही ठाऊक नाही. नव्यानेच लग्न होऊन आलेल्या एका सुनेला मी विचारले, “बाय, मी तुजा काय केला गो?” ती गोंधळली. म्हणाली, “ठावं नाय काकी. होलीला तुमचाच नाव घेतान, असा सासूनी सांगला.”

त्या पहिल्या शिमग्यापासून माझे नाव कोणी घेतले की माझी मान खाली जाते, मग हाक मायेची का असेना. काशिरामने स्वप्नात घेतले तर तेवढी जात नाही. आता वाटणी.

राहते घर आणि परसातली सावरीची झाडे मला आईकडून आली आहेत. ती मी शेजारच्या भामाबाईंची लेक शकू हिला देते. शकूच्या नवऱ्याने मुंबईत दुसरे घर केले आणि तिला माहेरी आणून टाकले. यात तिचा दोष काय, तो मला कोणी दाखवावा. गेल्या शिमग्यात कोणीतरी ‘गोदी’ काढून तिथे ‘शकू’ घालून पाहिले, आणि लोक हसले. त्यानंतर ती मिठागरात कामावर येईना. एका सकाळी भरती चढत होती आणि ही पोर कमरेएवढ्या पाण्यात खाडीत उभी. मी बांधावरून हाक दिली, “शकू, काय करतंस गो थय?” म्हणाली, “काय नाय काकी, पाय धुवाला आल्ये.” मी आत शिरून तिला धरून आणली. हे मृत्युपत्र त्या सकाळमुळे होत आहे.

माझा तांब्याचा हंडा पनवेलच्या मालू कासारणीस. गावच्या बायका माझ्या शेजारी बसेनात, तेव्हा ती म्हणाली, “हात पुढे कर. बांगड्या काय गावाला विचारून भरायच्या?” मी मेल्यावर माझ्या हातात तिच्याच हिरव्या बांगड्या असाव्यात आणि कपाळी कुंकू असावे.

दीर महादेव मढवी यांनी काशिरामच्या वाट्याचे शेत घेतलेच आहे. त्यांस माझ्या दाराची आतली कडी काढून द्यावी. शिमग्याला ती लावून त्यांनी एकदा घरात एकटे बसावे आणि बाहेरचे ऐकावे. दुसरे मागणे नाही.

काशिराम परत आल्यास, त्याची बंडी पेटीत आहे, मी तिला दर वर्षी ऊन दाखवते. शकूने त्याला ती द्यावी, पोटभर जेवू घालावे, आणि मीठ धरले आहे असे सांगावे.

सावरीच्या कापसाची माझी उशी मात्र शकूला देत नाही. शिमग्यात तिच्यात कान खुपसले की बोंब पाण्याखालून आल्यासारखी येते, शब्द गळून जातात. ती माझ्याबरोबर जाळावी. शकूला तिची गरज पडू नये.

राहिले माझे नाव. ते मी मीठपाडा गावाला देते. दिनानाथभाऊ म्हणाले, “बाई, नाव म्हणजे मिळकत नव्हे. कायद्यात बसत नाही.” मी म्हटले, “बाकीचा सारा मना आयता मिलला. ह्यो तेवढा मी सोसून कमावला. बसवू नका, नुसता लिवा.”

मी मेले की होळीतली ती जागा रिकामी होईल, आणि आमचा गाव ती रिकामी ठेवणार नाही, हे मला पक्के ठाऊक आहे. म्हणून होळीत माझेच नाव घ्यावे. मेलेल्या माणसाला खाडी दिसत नाही. जितका घसा असेल तितके ओरडावे, माझी हरकत नाही. पण जित्या माणसाचे नाव घेऊ नये.

होळी उभी करायला गाव दर फाल्गुनात माझ्याच परसातून सावर नेतो. आधी झाड नेतात आणि मग त्याच झाडाभोवती मला बोंबलतात. मी कधी नाही म्हटले नाही. यापुढेही शकूने सावर द्यावी. मात्र शकूचे किंवा कोणाही जित्या बाईमाणसाचे नाव होळीत निघाले, तर त्यानंतर गावाला एक फांदीही मिळणार नाही. सगळी झाडे तोडून सरपणाला विकण्याचा तिला पूर्ण हक्क आहे.

शकूला शेवटचे सांगणे. होळीला दार लावून बसू नकोस. सगळ्यांत जाऊन उभी राहा, आणि माझे नाव आले की तूही मोठ्याने घे. सारा गाव बोंब मारील, तुझ्या तोंडून ती हाक असेल. तेवढी ऐकून मी मान वर करीन.

हे मला वाचून दाखवले, ते माझेच बोलणे आहे, म्हणून राजीखुशीने अंगठा केला.

मुक्काम पनवेल, फाल्गुन शुद्ध दशमी, शके १८८२, फेब्रुवारी १९६१.

सौ. गोदूबाई काशिराम मढवी, डाव्या हाताचा अंगठा

समक्ष:
तुळशीराम भोईर, मचवेवाले, अंगठा
कमळाकर ठाकूर, दुकानदार, सही

लिहिणार: दिनानाथ, पनवेल. ‘सौ.’ बाईंच्या सांगण्यावरून व माझ्या खुशीने लिहिले आहे.