टाक्याचं पाणी गुलाबी राहू द्या

यमीचे बाबा,

तुमी अमरावतीहून याल तवा घरी फक्त आत्याबाई असतीन. यमीले सकाळपासून उलट्या अन् जुलाब लागले. डोये आत गेले, आवाज निंगत नाही. शेषरावभाऊजीनं गाडी जुंपली, आमी तिले मोर्शीच्या दवाखान्यात नेऊन राहिलो.

परवा कंपाउंडरनं हैज्याच्या साथीसाठी मळ्यातल्या टाक्यात लाल दवा टाकली होती. त्या पाण्यात धुतलेले मुळे गुलाबी होतात, बाजारात कोणी घेत नाही, म्हणून तुमी ते पाणी वाफ्यात सोडलं अन् टाकं नाल्याच्या पाण्यानं भरलं. मी नाही म्हनलं होतं. काल यमी त्याच्यातच पोहली, पाणी पेली.

आता उरलेली दवा बादलीत विरघळून टाक्यात ओता. पुडी देवाच्या कोनाड्यात हाय. मंग काचेच्या गिलासात पाणी घेऊन उजेडाले धरा. गुलाबी दिसलं पायजे. मातकट झालं तर आखीन दवा टाका. रंग टिकल्याबिगर तिथून हलू नका, शेजारच्या शालिकरामची पोरंही त्याच टाक्यात उतरतात. आत्याबाईले पाणी उकळूनच द्या. मंग तसेच मोर्शीले या. जेवत बसू नका.

मुळ्याचं टोपलं ओसरीत हाय. पांढरेशुभ्र निघाले, तुमाले पायजे होते तसे. एकही इकू नका. खड्डा करून पुरून टाका.

शकुन