गाडीच्या पोटातली जाळी

परभणी, दि. २ एप्रिल

आदरणीय अक्का,

सविनय जय भीम. आम्ही इकडे ठीक आहोत. तू ठीक आहेस की नाही हे तू कळवत नाहीस, म्हणून शेजारच्या धुरपताबाईंना फोन करून विचारतो. त्या सांगतात, दम्याचा पंप ओढायचा तू विसरतेस आणि आठवण केली की त्यांच्यावर डाफरतेस. (डाफरणं आपल्या घरचंच आहे, पण पंप डॉक्टरांनी दिलाय, तो वेळेवर घे.)

पत्राचं कारण आनंदाचं आहे. आपल्या जुन्या डिझेल गाडीला मी नवा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसवला. घाबरू नकोस. सायलेन्सरच्या अलीकडे, गाडीच्या पोटाखाली ते एक डबडं असतं. आत मधाच्या पोळ्यासारखी बारीक जाळी. इंजिनाचा धूर तिच्यातून जाताना त्यातलं बरंचसं विष तिथेच मरतं. गेल्या वर्षी मानवतच्या रस्त्याला मी तुझ्या भाचीला, सुकेशनीला, समतेचा अर्थ समजावून सांगत होतो (दोन्ही हातांनी). तेवढ्यात गाडीखाली दगड आला आणि जाळीचा चुरा झाला.

गेल्या महिन्यात गाडी हरिओम मेकॅनिककडे नेली. तो म्हणाला, "सर, नवीन कशाला? नुसता पाईपच राहू द्या की. समदे तसंच करायलेत." अक्का, मला राहवलं नाही. तिथल्या टायरांच्या ढिगावर चढलो आणि बोललो. जमिनीचा सातबारा निघतो, हवेचा सातबारा कोणाच्या नावावर आहे, असं विचारलं. पंक्चर काढायला आलेले दोघे पंक्चर निघाल्यावरही थांबले. चाळीस मिनिटांनी हरिओम म्हणाला, "सर, तुमचं खरं हाय. पण खाली उतरा, ते टायर गिऱ्हाईकाचे हायेत."

गाडी सोळा वर्षांची, भाग मिळेना. संभाजीनगरहून आला तो पेट्रोलच्या गाडीचा. तो परत पाठवला. दुसरा बरोबर आला, तर जुने नटबोल्ट गंजून एकजीव झालेले. (आपल्या चळवळीत एवढी एकजूट मी कधी पाहिली नाही.) ते कापावे लागले. सतरा दिवस मी एसटीने हिंडलो. एकदा कंडक्टरने हात जोडले, "सर, गाडीत बोलू नका, ड्रायव्हर मागं वळून ऐकायलाय." पण माघार घेतली नाही. तत्त्व म्हणजे तत्त्व.

तुझा भाऊ,
लिंबाजी

ता.क. तत्त्वाचं थोडं खोटं आहे. दगड लागला तेव्हाच हरिओमने विचारलं होतं, फुटकी जाळी काढून टाकू का, गाडी पळेल. मीच हो म्हणालो. त्याच गाडीतून जाऊन शुद्ध हवेवर पाच व्याख्यानं दिली. दिवाळीत तुला सोनपेठला सोडायला निघालो, तर तू पाथरीलाच उतरलीस आणि म्हणालीस, "मला एसटीच बरी." मला वाटलं, माझ्या विचारांचा राग आला. म्हणून तुला तीन खुलासापत्रं धाडली. गेल्या महिन्यात सुकेशनी म्हणाली, "बाबा, आत्याला राग नव्हता आला, धुरानं दम लागला होता. तुमी थांबतच नव्हते, सांगणार कधी ती?" दुसऱ्या दिवशी सकाळीच मी हरिओमकडे गेलो. ती तिन्ही पत्रं चुलीत घालू नकोस, धूर होईल. फाडून टाक.

आणखी एक. चौदा तारखेला जयंतीचं भाषण आहे. लहानपणी मला उलट्या टोपल्यावर उभं करून माझं पहिलं भाषण तू ऐकलंस, तेव्हापासून तू पहिल्या रांगेत असतेस. तू पदर डोक्यावर घेतलास की मी थांबतो, हे आपल्या दोघांशिवाय कोणाला ठाऊक नाही. जानेवारीत तू आली नाहीस. मी अडीच तास बोललो. मंडपवाल्याने खुर्च्या गोळा केल्या. शेवटी पहिल्या रांगेतली एकच उरली, ती मी उचलू दिली नाही.

बारा तारखेला तुला न्यायला येतो. धूर आत शिरू नये म्हणून मागच्या दाराचं रबरही बदललंय. तरी वाटेत दम लागला तर सांगत बसू नकोस, नुसता पदर डोक्यावर घे. मी गाडी थांबवीन, आणि बोलणंही.